घोरपडीचं केळवण

"डावीकडे वळ! अगं डावीकडे, तुझं डावं!"

माझा मित्र फैजान स्टेजच्या खालून जीव तोडून ओरडत होता आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. घोरपडीच्या जबड्यात, वरच्या दातांच्या मागे, मीच दोन भोकं ठेवली होती बघायला. पण घामानं आतली पट्टी सरकली होती. एका भोकातून छताचे दिवे दिसत होते आणि दुसऱ्यातून अंधार. मी देवाचं नाव घेऊन डावीकडे वळले. माझ्यामागोमाग शेपूट वळायला जरा वेळ लागला, आणि वळलं ते सूत्रसंचालकाच्या हातातला माइक उडवूनच वळलं. हॉलमध्ये असा हशा पिकला, अशा शिट्ट्या पडल्या, की फोमच्या जाड भिंतींमधूनही त्या माझ्या छातीत वाजल्या.

हे पुण्यातल्या त्या मोठ्या कॉनमधलं. तेव्हा अशी कॉनं नवीनच होती. कॉमिक्स, कार्टून, गेम्स यांचं वेड असलेली हजारो पोरं दोन दिवस एका हॉलमध्ये जमायची आणि आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून फिरायची. कुणी तलवारी लावून, कुणी पंख लावून, कुणी केस निळे करून. मी मात्र कुणाच्याच पात्राचा वेश केला नव्हता. माझी घोरपड माझी होती. दोन पायांवर चालणारी, सात फुटी, चिडकी, पाठीवर जुन्या योगा मॅटा कापून केलेले खवले आणि मागे माझ्यापेक्षा लांब शेपूट. कर्वेनगरच्या भाड्याच्या खोलीत, बँकेतून आल्यावर, चारूच्या मदतीनं ती केलेली. घरमालकीणबाई वास येतो म्हणून रोज भांडायच्या. मी रोज माफी मागायचे आणि रोज चिकटवायचे.

स्टेजवर जायची भीती मला नव्हती. त्या दिवशी मला ज्या गोष्टीची धास्ती होती ती वेगळीच होती. मला निनादला आणि त्याच्या आईला एक वाक्य सांगायचं होतं.

निनादशी माझा साखरपुडा झाला होता, लग्न तीन आठवड्यांवर होतं. आणि हैदराबादच्या पद्मजाबाई, ज्या सिनेमांसाठी राक्षस, प्राणी, भुतंखेतं बनवतात, त्या खास माझी घोरपड चालताना बघायला आल्या होत्या. त्यांनी घेतलं, तर सहा महिने त्यांच्या कारखान्यात उमेदवारी आणि मग तिथेच काम. म्हणजे बँक सुटणार, पुणं सुटणार. लग्न करायचं तर ते ह्यासकट करायचं. निनादच्या कानावर मी ही गोष्ट अर्ज करतानाच घातली होती. तो म्हणाला होता, "बघू या गं." निनादचा 'बघू या' मला होकार वाटायचा, कारण तो ते फार गोड म्हणायचा.

खरी भीती त्याच्या आईची. मंदाकाकू वीज मंडळातून निवृत्त झालेल्या. बैठकीला माझ्या वडिलांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नोकरी पर्मनंट आहे ना मुलीची?" आणि वाईहून मोठ्या रुबाबात आलेले आमचे बाबा शाळकरी मुलासारखे ताठ बसून "हो, हो, पर्मनंट" म्हणाले होते. त्या बाईला मी सांगणार होते की पर्मनंट नोकरी सोडून मी राक्षस करायला चाललेय. पण सांगणार होते हे नक्की. घोरपड एकदा चिकटली की चिकटली, असं फैजान मला चिडवायचा. लग्नाआधी सांगायचं आणि आजच सांगायचं, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

स्टेजवरून उतरल्यावर निनादनं माझं मुंडकं काढायला मदत केली. तो अशा बाबतीत सोन्यासारखा होता. पाणी धरायचा, सामान उचलायचा, फोटो काढायचा. मी धापा टाकत होते तेवढ्यात दोन मुली फोटो काढायला आल्या.

"किती दिवस लागले हो बनवायला?" एकीनं मला विचारलं.

"चार महिने," निनाद म्हणाला.

"आणि हे कुठलं पात्र?"

"तिचंच आहे. हौस म्हणून करते ती," निनाद म्हणाला आणि प्रेमानं माझ्या कपाळावरचा घाम टिपला.

सात महिने लागले होते. पण मला बोलायला श्वासच पुरत नव्हता, आणि दोन अनोळखी मुलींसमोर महिने कसले दुरुस्त करायचे? मी हसले. तो सगळ्यांसाठी उसाचा रस आणायला गेला.

तो गेल्यावर पद्मजाबाई आल्या. छोटीशी बाई, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात चष्मा. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्या सरळ वाकल्या आणि माझं शेपूट उचलून त्याचं वजन बघितलं.

"इसके अंदर क्या डाला?"

"सायकलची जुनी ट्यूब... पुरानी ट्यूब. हवा भरके," मी म्हटलं.

"माइक जानबूझ के गिराया?"

"नहीं," मी खरं सांगितलं.

त्या पहिल्यांदा हसल्या. "सिनेमा में बोलना, जानबूझ के. पहली तारीख से आ जाओ. कल सुबह तक हाँ या ना बोल देना. मैं दूसरी बार नहीं पूछती."

मी 'हाँ' तिथेच म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण मग वाटलं, नाही. आधी घरच्यांना. चोरून हो म्हणायचं आणि मग तोंड लपवत फिरायचं हे मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "कल सुबह." मनात म्हटलं, आज रात्र पडायच्या आत बोलून मोकळं व्हायचं.

चारू धावत आली. चारू म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, चिपळूणची, जिभेला हाड नसलेली. पद्मजाबाईंचं ऐकून तिनं मला खवल्यांसकट मिठी मारली, मग कानात म्हणाली, "आता रागावू नकोस. आज संध्याकाळी तुझं केळवण आहे. मी आणि फैजाननं टेबल सांगून ठेवलंय, थाळीच्या हॉटेलात."

केळवण म्हणजे लग्नाआधी जवळच्यांनी नवरीला घातलेलं जेवण. ताटाभोवती रांगोळी, गोडधोड, आग्रह, उखाणा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "रागावेन कशाला वेडे?"

"कारण मी मंदाकाकूंनाही बोलावलंय." तिनं एक डोळा मिटून घेतला. "अगं, केळवण सासूला न विचारता करतात का? आमच्याकडे तसं केलं तर जन्मभर ऐकवतात. मी रीतसर घरी जाऊन आमंत्रण देऊन आले. वर त्यांना इथला पासही दिला."

"इथला? चारू, म्हणजे त्या इथे आल्यात?"

"कुठेतरी असतील की," चारू म्हणाली आणि त्या हजारो शिंगांच्या, पंखांच्या गर्दीकडे बघायला लागली.

त्या क्षणी मला चारूला शेपटानं बडवावंसं वाटलं. मग वाटलं, बरंच झालं. मला दोघांना सांगायचंय ना? दोघं एका टेबलावर असतील. काम एका बैठकीत उरकेल. मी मुकाट्यानं कपडे बदलायला गेले.

आणि चेन अडकली.

पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक जाड चेन होती. सकाळी घाईत चारूनं तिच्या शेजारचा सुटलेला खवला पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला होता, आणि ते सोल्युशन चेनच्या दातांत उतरून वाळलं होतं. चारूनं ओढली, फैजाननं ओढली, निनादनं ओढली. चेन जागची हलेना.

"कापू या," फैजान म्हणाला.

"हात लावून बघ," मी म्हटलं. सात महिन्यांची मेहनत मी कापू देणार नव्हते.

"अगं पण तू जेवणार कशी?"

"तोंड मोकळं आहे. हात मोकळे आहेत. अजून काय लागतं?"

शेवटी मुंडकं आणि पंजे काढून, मानेपासून खाली घोरपड अशी मी फैजानच्या मामूंच्या ओम्नीत बसले. म्हणजे बसले नाही, आडवी झाले, आणि शेपूट मागच्या दारातून बाहेर. दार दोरीनं बांधलं. युनिव्हर्सिटी चौकात सिग्नलला एका पीएमटीतल्या सगळ्या प्रवाशांनी आमच्या बाजूच्या खिडक्यांशी गर्दी केली. निनाद त्याच्या गाडीनं पुढे गेला होता. आईला हॉलमधून घेऊन हॉटेलात येतो म्हणाला.

हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यावरून चढताना मी उलटी चढले, कारण शेपूट आधी वर न्यायला लागत होतं. वाढपी फेटे बांधलेले, हातात पळ्या, आणि सगळे भिंतीला चिकटून उभे. कोपऱ्यातल्या टेबलाशी मंदाकाकू बसल्या होत्या. मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हात टेबलावर जोडून ठेवलेले.

मी जशी होते तशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. वाकून नमस्कार करावा म्हटलं तर पोटाचा फोम वाकेना.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पडशील. बस."

बसायला वाढप्यांनी एक पाठ नसलेलं स्टूल आणलं. चारूनं आधीच येऊन माझ्या ताटाभोवती टेबलावर रांगोळी घातली होती, महिरप, वेल, मध्ये दोन कमळं. चांदीचं निरांजन घरून आणलं होतं. तिनं मला ओवाळलं. बाजूच्या टेबलावरचं एक कुटुंब जेवायचं थांबून बघत होतं. त्यांच्यातल्या आजींनी मला लांबूनच अक्षता टाकल्यासारखा हात केला. घोरपड असली म्हणून काय झालं, नवरी ती नवरी.

"उखाणा! उखाण्याशिवाय पहिला घास नाही," चारू म्हणाली.

"मला सुचत नाहीये," मी म्हटलं. खरंच सुचत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, आणि ते यमकात बसणारं नव्हतं.

"मी घेतो तिच्या वतीनं," निनाद म्हणाला. तो उभा राहिला, पदर घेतल्यासारखा रुमाल डोक्यावर घेतला आणि बायकी आवाज काढून म्हणाला,

"आमटीला आमसूल, भाजीला गूळ,
निनादरावांचं नाव घेते, सोडलं सारं खूळ!"

सगळे खळखळून हसले. वाढपी हसले, बाजूच्या आजी हसल्या. मंदाकाकूही हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शहाणी गं बाई माझी."

मीही हसत होते. हसता हसता मला कळलं की मी एकटीच हसायची थांबलेय. सोडलं? काय सोडलं? आणि काकू मला शहाणी कशाबद्दल म्हणाल्या?

वाटलं, आत्ता सांगून टाकावं. मी तोंड उघडलं, तोच वाढप्यानं कौतुकानं कढीची वाटी पुढे केली. मग कोशिंबीर आली. मग आळूवडी. फोमच्या आत मी उकडून निघाले होते. कपाळावरून घाम थेट आमटीत पडायला लागला.

मंदाकाकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आपली साजूक तुपाची वाटी उचलली आणि उठल्या.

"नूपुर, ऊठ. चल माझ्याबरोबर. ती चेन कशी निघत नाही बघते मी."

"आई, आम्ही तिघांनी ओढली. ती नाही निघणार," निनाद म्हणाला.

"तू जेव," काकू म्हणाल्या.

बायकांच्या प्रसाधनगृहात आरशासमोर मी उभी, आणि माझ्या पाठीशी मंदाकाकू, हातात तुपाची वाटी. बोटानं तूप घेऊन त्या चेनच्या एकेका दाताला लावत होत्या. आरशात मला त्यांचा फक्त गजरा दिसत होता.

"एवढं सगळं तू केलंस?"

"हो."

"मी बघितलं तुला दुपारी. म्हणजे तू आहेस हे माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्याचा माइक पडला तेव्हा मी एवढी हसले की मला ठसका लागला. शेजारी एक शिंगं लावलेला मुलगा होता, त्यानं मला पाणी दिलं. चांगला होता मुलगा. मग निनाद भेटला तर म्हणतो, आई, ती घोरपड म्हणजे आपली नूपुर."

"काकू," मी म्हटलं. आता नाही तर कधीच नाही. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"थांब, आधी मला सांगू दे. पोट आत घे." त्यांनी चेन जराशी हलवली. "मी म्हणते, एवढ्यात कशाला सोडतेस? निनाद म्हणाला की तू आपणहून ठरवलंयस, हे शेवटचं, लग्नानंतर घर आणि बँक बघायची. मला बरं वाटलं होतं ते ऐकून, खोटं कशाला बोलू? नणंदेलाही सांगितलं, मुलगी समजूतदार आहे म्हणून. पण आज ते शेपूट बघितल्यावर मला वाटलं, पोरीनं एवढी कला टाकून का द्यावी? सुट्टीच्या दिवशी करत जा की. आमची गच्ची मोकळीच असते."

नळ ठिबकत होता.

"काकू, मी असं म्हटलं नाही."

चेनवरचं बोट थांबलं.

"गच्चीवर नको म्हणतेस?"

"नाही. मी हे सोडते, असं मी म्हटलं नाही. निनादला नाही, कुणालाच नाही. कधीच नाही."

गजरा बाजूला झाला आणि आरशात पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. मग मी सगळं सांगितलं. हैदराबाद, पद्मजाबाई, एक तारीख, सहा महिने, आणि बँक सोडणार हेही. बैठकीत बाबा बसले होते तसं ताठ उभं राहून सांगितलं. फोमच्या आत ताठच उभं राहता येतं.

"पर्मनंट नोकरी सोडणार?" त्यांचा आवाज चढला.

"हो."

"हे मला आवडलेलं नाही, नूपुर. सरळ सांगते."

"मला वाटलंच होतं."

"नोकरी काय रस्त्यावर पडलीय? मी छत्तीस वर्षं..." त्या थांबल्या. पुन्हा तूप घेतलं, पुन्हा चेनला लावलं. आता त्यांचं बोट जोरात चालत होतं. "मला आवडत नाही हे एक झालं. ते मी तुझ्याशी भांडले असते, तू माझ्याशी भांडली असतीस. घरात भांडणं होतातच. पण तू बोलली नाहीस ते तुझ्या तोंडात घालून माझ्यापर्यंत आणायचं..." पुढचं त्यांना बोलता येईना. मुलाबद्दल होतं ना.

तेवढ्यात चेन सुटली. सर्रकन कमरेपर्यंत खाली आली आणि माझ्या पाठीला सकाळपासून पहिल्यांदा गार हवा लागली.

"झालं," काकू म्हणाल्या आणि हात धुवायला लागल्या. "आता बाहेर जा आणि काय बोलायचं ते त्याच्याशी बोल. मी मध्ये पडणार नाही. त्याच्या बाजूनं नाही आणि तुझ्याही नाही."

घामानं चिंब टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि पाठीवरून ओघळणारं तूप, अशा थाटात मी टेबलाशी आले. घोरपड फैजानच्या हवाली केली. त्यानं ती शेजारच्या खुर्चीवर नीट बसवली.

"आली बघा माणसांत!" निनाद म्हणाला.

मी बसले नाही. "निनाद, मी हे सोडणार आहे असं तू काकूंना सांगितलंस?"

त्यानं आईकडे बघितलं. मंदाकाकू आपल्या जागेवर बसून ताटाकडे बघत होत्या.

"अगं ते होय?" तो हसला. "आईला जरा बरं वाटावं म्हणून. एवढं काय त्यात?"

"पद्मजाबाईंनी मला घेतलंय. एक तारखेपासून."

"अरे वा! अभिनंदन!" आणि तो मनापासून म्हणाला, हे मी आजही शपथेवर सांगेन. "म्हणजे तुझी घोरपड खरंच भारी आहे. पण आपलं ठरलंय ना?"

"काय ठरलंय?"

"हेच. लग्नानंतर पुण्यात राहायचं, तुझी बँक, माझं ऑफिस..."

"कधी ठरलं? मी कुठे होते तेव्हा?"

चारूनं हातातला घास खाली ठेवला. वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन आला होता, तो तसाच दोन पावलं मागे सरकला.

निनादनं माझा हात हातात घेतला. लहान मुलाला समजवावं तसा हळू बोलला. "नूपुर, तू म्हणणारच होतीस. आज नाही तर लग्न झाल्यावर, दोन महिन्यांनी. मी ओळखतो ना तुला. मी फक्त तुझ्याआधी बोललो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. 'नाही जायचं' म्हणाला असता तर मी कडाकडा भांडले असते, आणि भांडून, रडून, समेट करून त्याच्याशी लग्नही केलं असतं. भांडायला मी तयार होऊनच आले होते. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लबाडी नव्हती, नुसती माया होती. माझी जीभ त्यानं आपल्या तोंडात ठेवून घेतली होती आणि ती त्याला इतकी सवयीची झाली होती की त्यात काही चुकतंय हे त्याला दिसतच नव्हतं. मला आयुष्यात एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

मी हात सोडवून घेतला.

"मी हैदराबादला जाणार," मी म्हटलं. "आणि लग्न करणार नाही."

"रागात बोलतेयस. उद्या सकाळी तूच..."

"उद्या सकाळी मी काय म्हणेन ते सांगू नकोस. ते मी उद्या सकाळी पद्मजाबाईंना सांगणारच आहे."

मी अंगठी काढून रांगोळीच्या बाहेर, टेबलाच्या कोऱ्या जागेवर ठेवली. वाक्य पुरं झालं होतं. सकाळपासून घोकलेल्या वाक्यापेक्षा ते लांब निघालं एवढंच.

निनाद कितीतरी वेळ अंगठीकडे बघत राहिला. मग चारूकडे, मग फैजानकडे, जणू त्यांच्यापैकी कुणीतरी हसेल आणि हे संपेल. कुणी हसलं नाही. त्याचे कान लाल झाले. तो उठला. "आई, चल."

"तू गाडी काढ," मंदाकाकू म्हणाल्या. "मी आले."

तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं ऐकू येत होती तोवर मी उभी होते, आणि मग स्टुलावर बसले. फेटेवाल्या वाढप्याला काही सुचेना. त्यानं घाबरत विचारलं, "ताई... श्रीखंड?"

"वाढा," मी म्हटलं.

"नूपुर, राहू दे, आपण घरी जाऊ," चारू रडत होती. चूक तिची नव्हती, पण तिला ती स्वतःचीच वाटत होती, आणि पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली.

"तू माझ्यासाठी रांगोळी घातलीस. केळवणाचं ताट टाकून उठायचं नसतं," मी म्हटलं आणि जेवायला लागले. पोळी, आमटी, आळूवडी, श्रीखंड. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते येऊ दिलं. समोर मंदाकाकू हात जोडून बसल्या होत्या. मला वाटलं त्या आता बोलतील, आता काहीतरी जिव्हारी लागेलसं बोलतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण माझं ताट पूर्ण होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

मी हात धुऊन आले. त्यांनी अंगठी उचलून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पिशवीतून एक कापडी पुडी काढली.

"उभी राहा."

हिरवा खण, नारळ, सुपारी, हळकुंड आणि तांदूळ. केळवणाला म्हणून घरून बांधून आणलेली ओटी.

"काकू, नको," मी म्हटलं. "आता मी तुमची कुणी नाही."

"मला तुझा राग आलाय," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "खूप आलाय. तो माझा मुलगा आहे. आत्ता खाली जाऊन मला त्याचं तोंड बघायचंय, आणि वर्षभर बघायचंय. पण मुलगी घर सोडून निघाली की तिला रिकामी पाठवायची नाही, एवढं मला कळतं. कुणीतरी ओढणी द्या तिला."

चारूनं आपली ओढणी काढून माझ्या कमरेभोवती धरली. मंदाकाकूंनी मला कुंकू लावलं. ओंजळीनं तांदूळ घातले, वर खण ठेवला, खणावर नारळ. मग त्यांचे ओठ हलले. अशा वेळी द्यायचा तो नेहमीचा आशीर्वाद तोंडाशी आला असणार. तो त्यांनी गिळला. बाजूच्या टेबलावरच्या आजीही घास हातात धरून थांबल्या होत्या.

"काम नीट कर," मंदाकाकू म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवी काखेला लावली आणि निघाल्या. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण ओढणी भरलेली होती, वाकले असते तर तांदूळ सांडले असते. म्हणून मी दोन्ही हातांनी ओटी धरून, त्या जिना उतरून दिसेनाशा होईपर्यंत तिथेच सरळ उभी राहिले.